वाढत जाणाऱ्या अपंगत्वात व्यायाम: तयारी, क्रम आणि मात्रा

मस्क्युलर डिस्ट्रॉफी, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स, शार्को-मारी-टूथ, फ्रीडरिक अटॅक्सिया (तोल आणि हालचालींचा मेळ बिघडवणारा आनुवंशिक आजार), पोस्ट-पोलिओ सिंड्रोम, एएलएस (हालचाल घडवणाऱ्या चेतापेशी झिजवणारा आजार). आजार वेगवेगळे असले तरी व्यायामाच्या बाबतीत चुका ठरलेल्या दोनच होतात. काही जण जिममधल्या निरोगी माणसाचं वेळापत्रक उचलतात आणि दुखेपर्यंत रेटतात. काही जण 'आहे ती ताकद वाचवू' म्हणून हालचालच सोडतात. पहिल्यांचे स्नायू भरून निघण्याआधी पुन्हा झिजतात. दुसऱ्यांचे सांधे आखडतात, दम कमी होतो, आणि आजारामुळे गेलेल्या ताकदीत न वापरल्यामुळे गेलेल्या ताकदीची भर पडते. हा दुसरा वाटा बऱ्याच अंशी परत मिळवता येतो. खालचे सगळे टप्पे त्यासाठी आहेत.

एक गोष्ट आधीच पक्की करा. किती व्यायाम पुरे, हे व्यायाम करताना कळत नाही, ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. म्हणून या लेखात मात्रा ठरवण्याची पद्धत सविस्तर दिली आहे आणि व्यायामप्रकारांची यादी मुद्दाम लहान ठेवली आहे.

## टप्पा १: आपला आजार स्नायूंचा, नसांचा की मेंदूचा, हे समजून घ्या

'न्यूरोमस्क्युलर' हा एकच शब्द रिपोर्टवर असतो आणि लोक सगळ्यांसाठी सारखेच व्यायाम शोधतात. मूळ बिघाड कुठे आहे त्यावर धोका बदलतो.

स्नायूच नाजूक असणारे आजार. ड्युशेन आणि बेकर मस्क्युलर डिस्ट्रॉफीत डिस्ट्रॉफिन या प्रथिनाची उणीव असते, त्यामुळे स्नायूपेशीचं आवरण कमकुवत असतं. स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असेल, तर या आवरणाला सर्वांत जास्त इजा होते. जिना उतरणं, उतारावरून चालणं, वजन सावकाश खाली आणणं, ही त्याची नेहमीची उदाहरणं. ड्युशेनमध्ये वजनं उचलणं नकोच. तिथे हलकी, न थकवणारी हालचाल, पोहणं आणि रोजचं स्ट्रेचिंग असा कार्यक्रम असतो.

नसांचे आजार. शार्को-मारी-टूथमध्ये पावलं आणि पंजे आधी कमजोर होतात, आणि संवेदना कमी असल्याने फोड आला, बूट चावला तरी कळत नाही. पोस्ट-पोलिओत उरलेल्या चेतापेशींनी आधीच जास्तीच्या स्नायूतंतूंचा भार उचललेला असतो. म्हणून मधे मधे विश्रांती हा तिथे व्यायामाचाच भाग धरायचा. एएलएसमध्ये हलका ते मध्यम व्यायाम चालतो, पण वजन घटत असेल तर आधी आहार सावरायचा आणि व्यायाम कमी करायचा.

मेंदू आणि मज्जारज्जूचे आजार. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी दिसणं धूसर होऊ शकतं, पाय जड होऊ शकतात. याला उटहॉफची लक्षणं म्हणतात. शरीर थंड झालं की ती ओसरतात आणि त्यातून कायमचं नुकसान होत नाही. पार्किन्सन्समध्ये अडचण हालचालीचा आवाका आणि लय आकसण्याची असते. तिथे हालचाल मुद्दाम मोठी करावी लागते, आणि या गटात जोर लावून केलेला व्यायामही बहुतेकांना मानवतो.

> तपासा: निदानाचं पूर्ण नाव, उपप्रकारासकट, कागदावर लिहिता येतं का? 'लिंब-गर्डल' (खांदे आणि खुब्याभोवतीचे स्नायू कमजोर करणारी मस्क्युलर डिस्ट्रॉफी) एवढं पुरेसं नाही, कारण त्याच्या काही प्रकारांत हृदयावर परिणाम होतो आणि काहींत होत नाही.

## टप्पा २: सुरुवात करण्याआधी डॉक्टरांकडून पाच उत्तरं घ्या

'व्यायाम केला तर चालेल का?' असं विचारलं की 'हो, झेपेल तेवढा करा' हेच उत्तर मिळतं आणि ते उपयोगाचं नसतं. नेमकं विचारा.

1. हृदय. ड्युशेन, बेकर, एमरी-ड्रायफस, मायोटॉनिक डिस्ट्रॉफी आणि फ्रीडरिक अटॅक्सिया यांत हृदयाचा स्नायू किंवा त्याची विद्युतवहनाची यंत्रणा बाधित होऊ शकते. ईसीजी आणि इको कधी झाला होता? निकाल पाहता व्यायामाला काही मर्यादा आहे का? ड्युशेनच्या जनुकाची वाहक असलेल्या स्त्रियांनीही हे विचारायला हवं. त्यांना स्नायूंचा त्रास नसला तरी हृदयावर परिणाम असू शकतो.
2. श्वास. आडवं झाल्यावर धाप लागते का? सकाळी उठताना डोकं दुखतं का? खोकल्यात जोर राहिला आहे का? पहिल्या दोनपैकी एकालाही 'हो' असेल किंवा खोकला क्षीण झाला असेल, तर फुप्फुसाची तपासणी आधी, व्यायाम नंतर.
3. हाडं. बरीच वर्षं स्टेरॉइड चालू असेल किंवा चालणं बंद होऊन काळ लोटला असेल, तर हाडं ठिसूळ असू शकतात. अशा वेळी कमरेतून वाकून पीळ देणाऱ्या हालचाली आणि दुसऱ्याने जोराने ताणणं टाळायचं.
4. रक्तदाब. पाच मिनिटं पडून राहून मोजा, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर डॉक्टरांना सांगा. तोवर व्यायाम बसून करा. पार्किन्सन्समध्ये हे बऱ्याचदा आढळतं.
5. औषधांच्या वेळा. लेव्होडोपा या पार्किन्सन्सच्या औषधाचा असर साधारण अर्ध्या ते एका तासात सुरू होतो, पण माणसागणिक फरक असतो. तीन-चार दिवस वेळ लिहून ठेवा आणि असर भरात असताना व्यायाम बसवा. बॅक्लोफेनसारख्या ताठरपणा कमी करणाऱ्या गोळीनंतर काहींचे पाय इतके सैल पडतात की उभं राहण्याचे व्यायाम त्या वेळी नकोत. बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारं औषध) चालू असेल तर नाडीच्या आकड्यावर विसंबू नका, कारण तो मुळातच दाबलेला असतो.

फिजिओथेरपिस्टची किमान एक भेट या टप्प्यात घ्या, आणि शक्यतो या आजारांचा अनुभव असलेल्या व्यक्तीची. गुडघेदुखीसाठी जो चार्ट हातात ठेवतात तो इथे चालत नाही.

## टप्पा ३: जागा आणि वेळ

खुर्ची हातांची, बिनचाकांची, मागे भिंतीला टेकवलेली असावी. व्हीलचेअरवर करत असाल तर दोन्ही ब्रेक लावा, पावलं फूटरेस्टवर किंवा थेट जमिनीवर टेकवा आणि धड डगमगत असेल तर छातीचा किंवा कमरेचा पट्टा बांधा. उभं राहून करायचं असेल तर पुढे जड टेबल किंवा भिंतीत बसवलेला दांडा, आणि मागे खुर्ची, म्हणजे पाय सुटले तरी बसताच येईल. जमिनीवर सतरंजी, वायर, ओलावा काही नको. पायात बंद बूट घाला. मोज्यांवर कधीच नको.

फोन जमिनीवरूनही हाताला लागेल असा ठेवा. पडल्यावर टेबलावरचा फोन कामाचा नसतो.

दिवसातली वेळ निवडताना आठवडाभराचा अंदाज घ्या. आंघोळ आणि कपडे बदलणं यातच ज्यांची अर्धी ताकद जाते, त्यांनी त्यानंतर लगेच व्यायाम ठेवला तर तो तोल जाण्याला आमंत्रण ठरतो. मल्टिपल स्क्लेरोसिस असेल तर थंड वेळ, समोर पंखा, मानेवर ओला पंचा, आणि सुरू करण्याआधी व मधे मधे गार पाणी.

> इशारा: ताप असताना, पोट बिघडलेलं असताना किंवा नवा, न ओळखीचा अशक्तपणा आला असताना व्यायाम नाही. हलकासुद्धा नाही.

## टप्पा ४: आज आपण कुठे आहोत ते मोजून ठेवा

हा टप्पा बहुतेक लोक वगळतात. मग सहा महिन्यांनी व्यायामामुळे ताकद टिकली की गेली, हे कुणालाच सांगता येत नाही. पुढच्यापैकी जमतील त्या तीन-चार चाचण्या पुरेत:

- ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं (हातांचा आधार घेतला असेल तर तशी नोंद)
- १० मीटर नेहमीच्या चालीने चालायला किती सेकंद लागतात
- खुर्चीतून उठून ३ मीटर जाऊन, वळून, परत येऊन बसायला किती सेकंद लागतात
- हात बाजूने किती वर जातो: खांद्यापर्यंत, कानापर्यंत, की डोक्याच्या वर
- एका श्वासात, नेहमीच्या वेगाने, किती आकडे मोजता येतात

व्हीलचेअरवर असलेल्यांनी पहिल्या तीनऐवजी ठरावीक अंतर ढकलायला लागणारा वेळ आणि पलंगावरून खुर्चीत जायला लागणारी मदत लिहावी.

चाचणी दोन वेगवेगळ्या दिवशी करा, कारण या आजारांत चांगला दिवस आणि वाईट दिवस यांत मोठी तफावत असते. बूट, काठी, घड्याळातली वेळ, गोळीनंतर गेलेला वेळ, सगळं तेच ठेवा. नंतर साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा. रोज मोजू नका. रोजच्या चढउताराने मन खचतं आणि त्यातून निर्णय घेण्याजोगं काही कळतही नाही.

## टप्पा ५: सुरुवातीची मात्रा आणि दुसऱ्या दिवसाची परीक्षा

० ते १० अशी श्रमाची पट्टी मनात धरा. ० म्हणजे निवांत, १० म्हणजे याहून जास्त शक्यच नाही. पहिले सहा आठवडे ३ ते ४ वर राहायचं. ओळख अशी की पूर्ण वाक्य न तोडता बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. पार्किन्सन्स किंवा मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये स्वायत्त चेतासंस्था (नाडी, रक्तदाब आपोआप सांभाळणारी) बाधित असेल तर नाडी श्रमाप्रमाणे वाढत नाही, म्हणून मनगटावरच्या घड्याळापेक्षा ही पट्टी भरवशाची.

सुरुवात कशी ठरवायची? आज जे सहज जमतं त्याच्या अर्ध्याने. दहा मिनिटं आरामात चालता येत असेल तर पाच मिनिटांनी सुरू करा. दोन मिनिटांतच पाय लटपटत असतील तर एक मिनिट चालणं, एक ते दोन मिनिटं बसणं, असं पाच वेळा. तुकड्यातुकड्याने केलेली पाच मिनिटं सलग पाच मिनिटांइतकीच मोलाची आहेत, आणि थकव्याच्या आजारात तर जास्तच.

'हे फारच कमी वाटतं' असं पहिल्या आठवड्यात वाटलं पाहिजे. तसं वाटत नसेल तर मात्रा जास्त आहे.

आता परीक्षा. प्रत्येक सत्रानंतर तीन वेळा स्वतःकडे पाहायचं.

अर्ध्या तासाने: व्यायामाआधी होती तेवढी ताकद परत आली का? हात किंवा पाय अजून जड, शिशाचे वाटत असतील, धाप बसली नसेल किंवा गोळे येत असतील, तर मात्रा जास्त झाली.

झोपण्याआधी: संध्याकाळची नेहमीची कामं झाली का? व्यायामामुळे जेवण, बोलणं, अंघोळ यातलं काही सुटलं तर व्यायाम त्या दिवसाच्या ताकदीबाहेरचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी: एक ठरलेलं काम निवडा. शर्टाचं बटण लावणं, केस विंचरणं, पलंगावरून उठणं, काहीही. ते कालपेक्षा अवघड गेलं का? स्नायूंत दुखरेपणा आहे का?

तिन्ही ठीक असतील तर तीच मात्रा चालू ठेवा. एक बिघडलं तर पुढचं सत्र अर्धं करा. दुखणं २४ ते ४८ तासांनीही टिकून असेल तर ते पूर्ण जाईपर्यंत फक्त हलकं स्ट्रेचिंग. स्नायूंच्या आजारात 'दुखतंय म्हणजे लागू पडतंय' हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये एक अपवाद लक्षात ठेवा. अंग तापल्याने आलेली धूसर नजर किंवा मुंग्या गार झाल्यावर तासाभरात ओसरल्या, तर तो मात्रा जास्त झाल्याचा पुरावा नाही. पुढच्या वेळी गारवा वाढवा. पण नवं लक्षण २४ तासांपेक्षा जास्त टिकलं तर डॉक्टरांना कळवा.

> ताबडतोब थांबा आणि रुग्णालयात जा: व्यायामानंतर लघवी गडद तपकिरी, काळ्या चहासारखी झाली तर. स्नायू तुटून त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन लघवीत उतरत असल्याची ती खूण आहे आणि त्याने मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. छातीत दुखणं, घेरी येऊन शुद्ध हरपणं, हृदयाचे ठोके अनियमित होणं, यांनाही हाच नियम.

## टप्पा ६: एका सत्रातला क्रम

क्रम चुकला की तोच व्यायाम घातक ठरतो. सर्रास दिसणारी चूक म्हणजे तोलाचे व्यायाम सगळ्यांत शेवटी, 'आता सोपं काहीतरी' म्हणून करणं. तोल सांभाळायला ताजे स्नायू आणि ताजं लक्ष लागतं. दमल्यावर तोलाचा सराव केला की माणूस पडतो.

1. सांधे मोकळे करणं, ३ ते ५ मिनिटं. बसून घोटे, गुडघे, खांदे, मान. सावकाश, वजन नाही.
2. तोल आणि कौशल्य, ३ ते ५ मिनिटं. दांडा धरून वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं, बाजूला पाऊल टाकणं, वळणं. पार्किन्सन्समध्ये इथेच मेट्रोनोमच्या (ठरावीक लयीत ठोके देणाऱ्या यंत्राच्या) ठोक्यावर मोठी पावलं आणि हातांचे मोठे झोके. पाय जमिनीला चिकटल्यासारखे अडकत असतील तर जमिनीवर चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारून त्यांवरून पाऊल टाका.
3. ताकद किंवा दम, दोन्हीपैकी एकच. एका दिवशी ताकद, दुसऱ्या दिवशी दम. दोन्ही एका सत्रात घातले की दुसऱ्या दिवसाची परीक्षा बहुधा नापास होते, आणि कशामुळे झाली तेही कळत नाही.
4. थंड होणं आणि स्ट्रेचिंग. एकदम थांबू नका. वेग कमी करत दोन-तीन मिनिटं हलत राहा, नाहीतर रक्तदाब उतरून भोवळ येते.

## टप्पा ७: ताकदीचे व्यायाम, स्नायू पाहून

'पायाचे व्यायाम' अशी एकच ओळ सगळ्या स्नायूंना लावू नका. एकाच पायात मांडीचा पुढचा स्नायू कमजोर आणि पोटरी मजबूत असू शकते. प्रत्येक मोठ्या स्नायूला एकच प्रश्न विचारा: हा अवयव गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण उचलता येतो का?

येत नाही: या स्नायूला वजन किंवा रबरी पट्टा अजिबात नाही. गुरुत्वाकर्षण काढून टाका. कोपर वाकवण्यासाठी हात टेबलावर आडवा ठेवून, खाली गुळगुळीत कापड घालून सरकवा. गुडघ्यासाठी कुशीवर झोपून, पायाखाली उशी देऊन वाकवा-सरळ करा. ५ ते ८ वेळा.

येतो, पण त्यावर हाताने जरा दाबलं की खाली येतो: फक्त अवयवाचं स्वतःचं वजन. ५ ते ८ वेळा, एक फेरी.

दाबाला तोंड देतो: अर्धा किलो किंवा सर्वांत मऊ रबरी पट्टा. वजन असं हवं की ताणून १५ ते २० वेळा उचलता आलं असतं, पण १० ला थांबायचं. फेऱ्यांमध्ये एक ते दोन मिनिटं थांबा. त्याच स्नायूंना पुन्हा काम देण्याआधी किमान ४८ तास.

वर न्यायला दोन सेकंद, खाली आणायला दोन सेकंद. जिममध्ये खाली आणताना चार-पाच सेकंद घ्यायला शिकवतात, ते इथे नको. बेकर किंवा लिंब-गर्डलमध्ये तर खाली आणताना दुसऱ्या हाताची मदत घ्या. उचलताना आकडे मोठ्याने मोजा, म्हणजे श्वास आपोआप सुटतो. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब झपाट्याने चढतो.

फेरी कधी संपली? ठरलेला आकडा पुरा होईल तेव्हा, किंवा हालचालीचा आकार मोडेल तेव्हा, यातलं जे आधी येईल तेव्हा. हात उचलताना खांदा कानाकडे जाऊ लागला, पाय उचलताना धड मागे झुकू लागलं, की स्नायू थकला आणि शेजारचे त्याचं काम करू लागले. तिथेच थांबा.

कुठल्या स्नायूंवर वेळ खर्च करायचा हेही ठरवावं लागतं, कारण सगळ्यांना पुरेल एवढी ताकद नसते. जे स्नायू आजच बऱ्या अवस्थेत आहेत आणि ज्यांच्यावर उठणं, सरकणं, घास तोंडापर्यंत नेणं अवलंबून आहे, त्यांना प्राधान्य द्या. जवळजवळ गेलेल्या स्नायूच्या मागे लागून थकू नका. त्याला सांधा मोकळा ठेवण्यापुरती हालचाल पुरे.

काही नेहमीच्या अडचणी:

- खुर्चीतून उठणं जमत नाही. बैठक उंच करा. घट्ट उशी किंवा फळी घालून ५ ते १० सेंटिमीटर वाढवली की बहुतेकांना हातांशिवाय जमू लागतं. बसताना धपकन पडू नका, पण मुद्दाम सावकाशही नको. हातांनी आधार देत बसा. ड्युशेनमध्ये हा व्यायाम म्हणून करू नका.
- पकड कमजोर आहे. डंबेल हातात देऊच नका. मनगटाला बांधायचं वजन घ्या, किंवा पट्ट्याचा फास मनगटावरून घाला. पट्टा दर वेळी ताणून चिरा पाहा. तुटलेला पट्टा डोळ्यावर येतो.
- खांद्याची पाती पंखासारखी बाहेर येते. फेशिओस्कॅप्युलोह्युमरल डिस्ट्रॉफीत ही खूण असते. वजन घेऊन हात खांद्याच्या वर नेऊ नका, सांध्यावर ताण येतो.
- व्हीलचेअर हाताने ढकलता. दिवसभर पुढे ढकलण्याचंच काम होतं, म्हणून व्यायामात मागे ओढण्याचं काम द्या. पट्टा दारापलीकडे घट्ट अडकवून कोपरं मागे ओढा, पाती एकमेकींकडे आणा. छातीसमोर ढकलण्याचे व्यायाम कमी ठेवा.

## टप्पा ८: दम वाढवणं

चालणं हाच एकमेव मार्ग नाही, आणि ज्यांची पावलं अडखळतात त्यांच्यासाठी तो चांगला मार्गही नाही. बसून चालवायची सायकल, हातांनी फिरवायचं पॅडल, मोटरने साथ देणारं पॅडल, यांत पडण्याचा धोका जवळजवळ नसतो. पावलं पट्ट्याने बांधा, अवरोध सर्वांत कमी ठेवा, दोन मिनिटं फिरवणं आणि दोन मिनिटं विश्रांती, असे तीन ते पाच तुकडे.

सौम्य ते मध्यम मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या प्रौढांसाठी शिफारस आहे ती आठवड्यातून दोनदा ३० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा. हे गाठायचं ठिकाण आहे, पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक नव्हे. तिथवर पोचायला काही महिने लागले तरी चालतील.

पाणी हे या आजारांतलं सर्वांत उपयोगी साधन आहे. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर साधारण निम्मंच वजन येतं, छातीपर्यंत गेलं की सुमारे एक तृतीयांश. जमिनीवर जो उभा राहू शकत नाही तो पाण्यात चालू शकतो. मात्र तीन गोष्टी सांभाळा. पाण्याचा छातीवर दाब पडून श्वास घ्यायला जास्त जोर लागतो, म्हणून श्वसनाचे स्नायू कमजोर असतील तर कमरेच्या वर पाणी नको, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरूच नका. तापमान आजाराप्रमाणे निवडा: मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये २७ ते २९ अंश सेल्सिअस, स्नायूंच्या आजारांत ३२ ते ३४. आणि बाहेर येताना घाई नको. शरीराचं वजन एकदम परत येतं आणि पाय कोलमडतात. काठावर पाच मिनिटं बसा, पुढची पावलं कुणाच्या तरी आधाराने.

> तपासा: पाण्यातून आल्यावर आणि चालून आल्यावर तळवे, बोटांच्या मधली जागा आणि टाचा आरशात पाहिल्या का? संवेदना कमी असतील तर डोळ्यांनी पाहणं हाच एकमेव इलाज. व्हीलचेअरवर असाल तर बैठकीखालची त्वचाही.

## टप्पा ९: सांधे आखडू न देणं

ताकदीचा व्यायाम एखाद्या आठवड्यात सुटला तर फारसं बिघडत नाही. स्ट्रेचिंग सुटलं तर बिघडतं, कारण आखडलेला सांधा पुन्हा मोकळा करणं फार कठीण. ड्युशेनमध्ये आठवड्यातून किमान ४ ते ६ दिवस हवंच. घोटा, गुडघा, खुबा आणि मनगट-बोटं या जागा आधी आखडतात.

सावकाश ताणा, ओढ जाणवेल पण दुखणार नाही तिथे ३० सेकंद धरा, सोडा, तीनदा करा. झटके देऊ नका. ताठरपणा असलेला स्नायू भरकन ताणला की उलट आवळतो आणि पाय थरथरू लागतो.

दुसऱ्याने घोटा ताणताना एक चूक हमखास होते: पावलाचा पुढचा भाग धरून वर ढकलणं. त्याने पावलाचा मधला भाग वाकतो, टाचेची शीर ताणलीच जात नाही. गुडघा सरळ ठेवा, टाच तळहातात घट्ट धरून खाली ओढा, आणि आपल्या हाताचा मनगट ते कोपर हा भाग तळव्याला टेकवून हलकेच वर लोटा.

दिवसभर बसून असणाऱ्यांचा खुबा पुढे आखडतो. पोटावर झोपणं, १५ ते २० मिनिटं, यावर साधा उपाय आहे. श्वासाचा त्रास असेल तर ते करू नका, कुशीवर झोपून मांडी मागे घेण्याचा पर्याय फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

> इशारा: ड्युशेनचं मूल चवड्यांवर चालतं, कारण मांडीचा पुढचा स्नायू कमजोर असताना गुडघा सरळ ठेवण्याची ती त्याची युक्ती असते. रात्रीचा स्प्लिंट (सांधा एका स्थितीत धरून ठेवणारं साधन) चालतो. दिवसा चालताना घोटा जखडणारा स्प्लिंट स्वतःच्या मनाने घातला तर असलेलं चालणंही थांबू शकतं.

## टप्पा १०: वाढवणं, उतरवणं, पुन्हा सुरू करणं

सलग दोन आठवडे दुसऱ्या दिवसाची परीक्षा पास झाली तरच वाढवा, आणि एका वेळी एकच गोष्ट. आधी आठवड्यातले दिवस, मग मिनिटं, सगळ्यांत शेवटी वजन. दर वेळी एखादं मिनिट पुरे. आणि कधीतरी आकडे वाढायचे थांबतील. सहा महिने तोच आकडा टिकणं म्हणजे या आजारांत व्यायाम उत्तम लागू पडतोय.

टप्पा ४ च्या चाचण्यांत सलग दोनदा घसरण दिसली तर 'अजून जोर लावू' हा निष्कर्ष काढू नका. आधी इतर कारणं पाहा: लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, झोपेत श्वास कमी पडणं, नवी गोळी, चुकलेले डोस, घटलेलं वजन, उदासी. यांतली बरीच उपचाराने सुधारतात. कारण सापडलं नाही तर आजार पुढे गेला आहे असं धरून व्यायामाचं रूप बदला, व्यायाम काढून टाकू नका. उभं राहून टाचा उचलणं जमेनासं झालं तर दोन्ही हातांनी दांडा धरून, मग बसून, मग पडून घोटा हलवणं, मग दुसऱ्याच्या मदतीने, आणि शेवटी पूर्ण दुसऱ्याने हलवणं. प्रत्येक व्यायामाची ही उतरती शिडी फिजिओथेरपिस्टकडून आधीच लिहून घ्या, म्हणजे एक पायरी सुटली त्या दिवशी पुढची हाताशी असेल.

फ्लू, शस्त्रक्रिया किंवा अंथरुणावर काढलेल्या आठवड्यानंतर जुन्या आकड्यावर परत जाऊ नका. अर्ध्याने सुरू करा, पहिले तीन-चार दिवस फक्त सांधे मोकळे करणं आणि बसून उठणं. अंथरुणात असतानाही घोटे, गुडघे, खांदे दिवसातून दोनदा हलवून घ्यायला घरच्यांना सांगा. आजारपणात माणसं चालणं गमावतात ती बऱ्याचदा या न हललेल्या दिवसांमुळे.

वहीत रोज एवढंच लिहा: काय केलं, किती मिनिटं किंवा वेळा, श्रमाचा आकडा, दुसऱ्या दिवशीचं ठरलेलं काम कसं गेलं. स्नायूंच्या एन्झाइमची, म्हणजे सीकेची, रक्ततपासणी ठरली असेल तर ही वही डॉक्टरांना दाखवा. आदल्या दोन-तीन दिवसांत जास्त व्यायाम झाला असेल तर हा आकडा तेवढ्यानेही चढलेला येतो.